आरटीआय ऑनलाईन: थायरॉईडचा प्रश्न थेट दिल्लीला

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या आमच्या कर्नाटकातल्या खानापूर भागातल्या बायकांनी केंद्र सरकारचं आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाईन पोर्टल एकदा तरी वापरून बघावं. घरबसल्या केंद्राच्या मंत्रालयाला प्रश्न विचारता येतो. फी 10 रुपये, ती ऑनलाईनच भरायची. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही.

मला विचारायचं होतं ते माझ्या धाकट्या जावेसाठी. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात तिचा टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) 3.6 आला. गावातल्या डॉक्टरांनी थायरॉईडची 25 मायक्रोग्रॅमची गोळी लिहिली, बेळगावच्या डॉक्टरांनी गरज नाही म्हणून सांगितलं. दोघांनीही तिला नीट वेळ दिला, तरी घरात कुणाला झोप लागेना. शोधताना कळलं की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर 2014 मध्ये गरोदरपणातल्या हायपोथायरॉईडसाठी (थायरॉईड कमी काम करतं तो आजार) राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत पहिल्या तीन महिन्यांची हद्द 2.5. त्यावर 10 पर्यंत रोज 25 मायक्रोग्रॅम, 10 च्या पुढे 50. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने मात्र 2017 मध्ये सांगितलं की त्या त्या भागातले आकडे हाताशी नसतील तर वरची हद्द साधारण 4 धरावी. माझी जाऊ एका कागदाप्रमाणे रुग्ण, दुसऱ्याप्रमाणे नाही. दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगत होते ते तेव्हा उमगलं. मग आमच्या सरकारने 2014 नंतर हा आकडा पुन्हा तपासला का, हे विचारायचा हक्क पोटुशी बाईला असलाच पाहिजे. स्कॉटलंडमध्ये थायरॉईडच्या रुग्ण बायकांनी 2012 साली निदान आणि उपचारांबद्दल थेट तिथल्या संसदेत अर्ज दिला होता. आपल्याकडे किमान हा रस्ता आहे.

अर्ज भरणं सोपं आहे. मंत्रालय निवडायचं, मजकूर 3000 अक्षरांत बसवायचा, जास्त असेल तर पीडीएफ जोडायचा. नोंदणी क्रमांक लगेच मिळतो, त्यावर अर्ज कुठे पोचला ते दिसतं. खरी अक्कल लागते ती प्रश्न लिहिताना. स्टँडजवळच्या ऑनलाईन सेंटरातल्या मुलाने माझा कच्चा मजकूर वाचून सांगितलं, “काकू, ‘का’ म्हणून विचारू नका की. कागद मागा.” पोरगं बरोबर बोललं. माहिती अधिकारात जे कागदावर आहे तेच मिळतं, अधिकाऱ्याने स्वतःचं मत द्यायला तो बांधील नाही. म्हणून मी तीनच गोष्टी मागितल्या: आज लागू असलेल्या सूचनांची प्रत, 2017 नंतर त्या तपासायला समिती नेमली असेल तर तिचा आदेश, आणि त्या फाईलवरचे शेरे.

भाषेचं मात्र मला मनापासून लागलं. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा. आमच्याकडची राजभाषा कन्नड. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या सासूबाईंना हा अर्ज स्वतः लिहिता आला नसता. मी हिंदीत लिहून पीडीएफ जोडला.

अर्ज पुढे दुसऱ्या कार्यालयाकडे गेला. तिथून 30 दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, पण त्यात फक्त एक लिंक होती. समितीबद्दल ना ‘होय’, ना ‘नाही’. आजारी माणसाला असं उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. पहिलं अपील त्याच पोर्टलवरून केलं. त्याला फी लागत नाही, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत करायचं असतं. अपिलाचा निकाल अजून यायचा आहे.

तोवर गोळीचं काय, असं शेजारणी विचारतात. ते डॉक्टरच ठरवणार, पोर्टल नाही. जावेने दोन्ही रिपोर्ट आणि 2014 च्या सूचनांची प्रत घेऊन डॉक्टरांशी पुन्हा बोलून गोळी सुरू केली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी घेते.

पोर्टलला पाचपैकी चार गुण देते, एक भाषेसाठी कापला. आणि एक लक्षात ठेवा: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात टीएसएच का होत नाही, गोळ्या का नाहीत, असलं काही विचारायचं असेल तर इथे अर्ज करू नका. तो विषय राज्याचा. केंद्राच्या पोर्टलवरून अर्ज परत येतो आणि भरलेले 10 रुपये मिळत नाहीत. त्यासाठी कर्नाटकाचं वेगळं आरटीआय पोर्टल आहे.