नग्गरची रोरिक गॅलरी: तो निळा तिथेच जाऊन बघा

मनालीला जाणार असाल तर अर्धा दिवस नग्गरला द्याच. बियासच्या डाव्या काठाने वीसेक किलोमीटर, रस्ता सफरचंदाच्या बागांमधून जातो. बहुतेक लोक नग्गरचा किल्ला बघून, फोटो काढून परत फिरतात, वर रोरिकच्या घरापर्यंत, जिथे ही गॅलरी आहे, जातच नाहीत, मला खरंच फार वाईट वाटतं.

निकोलाय रोरिक रशियातले चित्रकार, १९२८ ला कुलूत आले आणि १९४७ मध्ये इथेच गेले. घराखालच्या उतारावर समाधीचा दगड आहे, त्यावर त्यांना महर्षी म्हटलंय. मुलगा स्वेतोस्लाव्ह म्हणजे आपल्या बॉम्बे टॉकीजच्या देविका राणीचा नवरा.

गॅलरी छोटीच आहे, भराभर चाललात तर दहा मिनिटांत बाहेर याल, पण तसं करू नका प्लीज. एकाच चित्रासमोर थांबा. मी थांबले ते एका लहानशा चित्रापुढे, खाली जवळजवळ काळ्या निळ्याची डोंगररांग, मग धुक्याचा पट्टा ज्यात काहीच काढलेलं नाही, आणि त्याच्यावर शिखर, त्यामुळे डोंगराचा पायाच जमिनीवरून सुटतो आणि तो तरंगायला लागतो. टोकावर गुलाबी-पिवळा उजेड, पण सूर्य कुठेच नाही! उजेड डोंगराच्या आतूनच येतोय असं वाटतं, आणि रोरिकना तेच म्हणायचं असणार, कारण हिमालय त्यांच्यासाठी शंभालाची, म्हणजे तिबेटी परंपरेतल्या गूढ पवित्र राज्याची वाट होती, बायको हेलेनासोबत त्यांनी जी साधना मांडली तिचं नावच अग्नियोग. त्यांच्या कितीतरी चित्रांत माणूस असतो तो तिळाएवढा, एखादा साधू किंवा घोडेस्वार, पण नजर फिरून फिरून त्याच्यावरच येते.

आणि हे रंग टेम्पराचे, म्हणजे पाण्यात मिसळून लावायचे आहेत, तेलरंगाची चकाकी अजिबात नाही, चुन्याची भिंत वाळल्यावर दिसते तसा कोरडा, मऊ निळा. घरी आल्यावर मी हौसेने एका ऑनलाइन दुकानातून याच चित्रकाराची प्रिंट मागवली तर ग्लॉसी कागदावर आली, निळा पार जांभळा झालेला, धुकं राखाडी, ट्यूबलाइट लावली की शिखरावर ट्यूबलाइटच दिसते. चौदाशे रुपये गेले त्याचं एवढं नाही, पण ज्याने हीच प्रिंट आधी बघितली तो नग्गरला कशाला जाईल?

प्रिंट घ्यायचीच असेल तर मॅट कागदावरची, आणि आधी नग्गरला जाऊन या. सकाळी लवकर जा, गर्दी नसते, बाहेर आलात की समोर खरे डोंगर असतात आणि काही मिनिटं तेसुद्धा त्याच निळ्यात दिसतात.