हॉस्पिटल कॅश पॉलिसी: रोजच्या दोन हजारांतला ‘रोज’ नेमका कोणता?

घरात 5 लाखांचा मेडिक्लेम असतानाही दोन वर्षांपूर्वी मी वेगळी ‘हॉस्पिटल कॅश’ पॉलिसी घेतली, कारण आमचे घर झेरॉक्स आणि छपाईच्या दुकानावर चालते आणि मी आजारी पडलो की शटर खाली येते. मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल भागवतो. पण बुडालेला धंदा, सोबतीला राहणाऱ्याचे जेवणखाण, रिक्षाभाडे आणि बिलातून वगळले जाणारे हातमोजे-मास्कसारखे साहित्य यांचा भार आपल्यावरच पडतो. ही पॉलिसी बिल किती झाले हे न पाहता दाखल राहिल्याच्या दिवसांप्रमाणे ठरलेली रक्कम थेट आपल्या खात्यात जमा करते, त्यामुळे मेडिक्लेमचे पैसे मिळाले असले तरी हिचा दावा स्वतंत्रपणे करता येतो. माझ्या पॉलिसीत रोज 2,000 रुपये, आयसीयूमध्ये त्याच्या दुप्पट आणि वर्षाला जास्तीत जास्त 30 दिवस अशी तरतूद होती.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूमुळे मी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता दाखल झालो आणि शुक्रवारी सकाळी अकराला घरी आलो. मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस धरून मी 8,000 रुपयांचा हिशेब मांडला होता. खात्यात आले 2,000. कंपनीच्या लेखी ‘दिवस’ म्हणजे पूर्ण 24 तास. माझे तास भरले 64, म्हणजे दिवस दोनच, आणि त्यांतलाही पहिला दिवस अटीनुसार वगळलेला. हे सारे पॉलिसीच्या मूळ दस्तऐवजात छापलेले होते, त्यामुळे कंपनीने फसवले असे मी म्हणणार नाही. मात्र माहितीपत्रकावर ‘रोज 2,000’ ठळक अक्षरांत आणि ‘दिवसा’ची व्याख्या बाराव्या पानावर, ही मांडणी मला प्रामाणिक वाटत नाही. एजंटनेही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

दाव्याची प्रक्रिया मात्र सुरळीत झाली. मूळ कागद मेडिक्लेमकडे गेले असल्याने रुग्णालयाचा शिक्का असलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या आणि बिलाच्या प्रती चालल्या. डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची वेळ स्पष्ट लिहून घ्यावी, कारण सगळा हिशेब तिच्यावरच होतो. मोतीबिंदूसारख्या, त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या शस्त्रक्रियेला माझ्या पॉलिसीत एक रुपयाही मिळत नाही. अपघात वगळता पहिल्या 30 दिवसांतले आजारपणही धरत नाहीत, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा 3 वर्षांपर्यंत असू शकते.

पगारी रजा मिळणाऱ्या नोकरदाराने या पॉलिसीऐवजी मेडिक्लेमची रक्कम वाढवावी, असे माझे मत आहे. उलट, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ज्यांचे उपचार मोफत होतात, पण रोजंदारी बुडते, अशा कुटुंबांना ती अधिक उपयोगी पडेल; दुर्दैवाने एजंट त्यांच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचतात.

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाल्याने यंदा हप्त्यात थोडी सवड मिळाली. ती वापरून मी नूतनीकरण करताना पहिला दिवस न वगळणारा पर्याय घेतला. पुन्हा 64 तास दाखल राहावे लागले, तर त्यात 4,000 रुपये मिळतील.