आठ महिने मराठी पवित्र शास्त्र वापरल्यावर: अनुक्रमणिका काळाची नाही

पवित्र शास्त्र म्हणजे बायबल. एका बांधणीत ६६ पुस्तकं: जुना करार ३९, नवा करार २७. उत्पत्तीपासून सरळ वाचत निघालं तर एस्तेरपर्यंत काळाचा धागा बऱ्यापैकी सापडतो, पुढे तो तुटतो. मांडणी प्रकारानुसार आहे: नियमशास्त्राची पाच, मग इतिहास, काव्य आणि संदेष्टे. हाग्गय हा संदेष्टा जुन्या कराराच्या टोकाला येतो, पण त्याचा काळ इतिहासातल्या एज्रा या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायातला. तिथे एक खूण, इथे एक, असं ठेवूनच तो कळतो. पौलाची पत्रं तर चक्क लांबीनं लावलीत. आधी मंडळ्यांना (गावोगावच्या ख्रिस्ती समूहांना), मग व्यक्तींना, साधारण मोठ्याकडून छोट्याकडे. रोमकरांस पत्र पहिलं छापलंय म्हणून आधी लिहिलं गेलं असं नव्हे. लूक आणि प्रेषितांची कृत्ये ही जोडी आहे. मधला योहान नंतर वाचावा.

शोधताना खरा छळ 'य'चा. यहोशवा, यशया, यिर्मया, यहेज्केल, योएल, योना, योहान, याकोब, यहूदा! टिपणात नुसतं 'यो.' लिहाल तर आठवड्यानं स्वतःलाच कळणार नाही. 'योहान ३:१६' (अध्याय ३, वचन १६) हे शुभवर्तमान, म्हणजे येशूची हकिकत, '१ योहान ३:१६' हे पत्र. 'यहूदा ५' मधला आकडा वचनाचा, कारण पुस्तकाला अध्यायच एक. ओबद्या, फिलेमोन, २ व ३ योहान यांचंही तेच.

नागपुरात वर हिंदीची भर. उपदेशक 'व्यवस्थाविवरण' म्हणाले की आपण 'अनुवाद' उघडायचं. (भाषांतराशी संबंध नाही, नियमशास्त्र पुन्हा सांगितलंय म्हणून ते नाव.) 'न्यायियों' म्हणजे शास्ते. कॅथलिक प्रतीत ७३ पुस्तकं. टोबीत, मक्काबी वगैरे ७ जास्त, शिवाय एस्तेर आणि दानिएल लांब. जुन्या कॅथलिक मोजणीत आपलं २३ वं स्तोत्र २२ वं होतं, कारण ९ आणि १० तिथे एकच धरलेत.

अध्यायांवर फार विसंबू नये. ते तेराव्या शतकात पडले. नव्या करारातले आजचे वचनांक १५५१ चे. सृष्टीची पहिली हकिकत उत्पत्ति २:३ ला संपते, आणि यशया ५३ खरं ५२:१३ पासून वाचायचा, कारण तो उतारा तिथूनच सुरू होतो.

कागद पातळ आहे. बॉलपेन मागे उमटतं, शिसपेन्सिलच वापरा. आणि मे महिन्यात कूलरसमोर उघडं ठेवू नका. ओलसर वाऱ्यानं पानं फुगतात, मग पुस्तक नीट मिटत नाही.