जुन्या गाडीची बॅटरी महिन्याभरात बसली: भरपाई मागायची कोणाकडे?

जुनी गाडी घरी आणल्यावर पंधरा दिवसांत सेल्फ नुसता टकटक करायला लागला, की पहिला फोन विकणाऱ्याला जातो. पलीकडचं उत्तर ठरलेलं असतं: "बॅटरी झिजणारी वस्तू आहे साहेब, तिची काय गॅरंटी देणार?" हे उत्तर अर्धंच खरं आहे. बाकीचं गाडी कोणाकडून घेतली, कागदावर काय लिहिलंय आणि बॅटरी नेमकी कशाने बसली, यावर ठरतं.

आधी कारण शोधा

साध्या १२ व्होल्ट बॅटरीला साध्या मल्टिमीटरनेही बोलतं करता येतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सेल्फ मारण्याआधी टर्मिनलवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी आणि १२ च्या खाली जवळपास रिकामी. रात्रभर चार्जरला लावूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला, तर सहापैकी एक सेल मेला आहे. त्यावर इलाज नाही.

मग गाडी चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, काम करतोय. इंजिन चालू असूनही साडेबारावरच असेल तर बेल्ट किंवा अल्टरनेटर बघा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग, गेलाय आणि तो नवी बॅटरीसुद्धा उकळवून मारेल. अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमीजास्त होतं, म्हणून एकाच रीडिंगवर निकाल देऊ नका.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त हुलकावणी देते: बंद गाडीत करंट गळणं. आधीच्या मालकाने लावलेला जीपीएस ट्रॅकर, थेट वायर ओढलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबल्यावर गळती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. ती अर्धा अँपिअर असेल, तर दोन दिवसांत २४ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीतली साठवण मोजायचं माप) गेले, आणि हॅचबॅकची बॅटरी असते ३५ एएचची. अशा गाडीत नवीकोरी बॅटरी टाकली तरी तिसऱ्या दिवशी सकाळी तीच टकटक.

हे सगळं हक्काच्या लेखात कशाला? कारण सेल मेला असेल तर दार बॅटरी कंपनीचं. अल्टरनेटर किंवा गळती असेल तर तो गाडीतला दोष, आणि दार विकणाऱ्याचं. बॅटरी कंपनी दावा घेताना आधी बॅटरी चार्ज करून तपासते. नुसती उतरलेली निघाली तर बदलून देत नाही, आणि तिचं ते बरोबरच असतं. म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरीची तपासणी, करून घ्या आणि तारीख, गाडीचा नंबर, बॅटरीचा सिरीयल नंबर लिहिलेली चिठ्ठी मागा. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या चिठ्ठीवर उभ्या राहतात.

विकणाऱ्यांची तुलना

| | थेट मालक | यार्डवाला डीलर | कंपनीचं 'सर्टिफाइड' दुकान किंवा ऑनलाइन मंच |
|---|---|---|---|
| किंमत | सहसा कमी | मधली | सहसा जास्त |
| लेखी वॉरंटी | नसते | क्वचित, बहुतेकदा नुसती तोंडी | असते, पण बॅटरी बहुतेकदा वगळलेली |
| ग्राहक आयोग | टिकणं कठीण | जाता येतं | जाता येतं |
| मुख्य धोका | खोटं बोलला हे सिद्ध करणं | "मी फक्त मध्यस्थ" | बारीक अक्षरांतल्या अटी |

थेट मालकाकडून घेतलेल्या गाडीत कायदा सर्वात दुबळा असतो. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मधली दर्जाची अध्याहृत, म्हणजे न लिहिताही करारात धरली जाणारी, अट त्या मालाचा धंदा करणाऱ्यालाच लागू होते. स्वतःची एक गाडी विकणारा शेजारी त्यात बसत नाही, आणि ग्राहक आयोगातही त्याला 'व्यापारी' ठरवणं अवघड जातं. त्याला पकडता येतं ते खोटं बोलल्यावर. जाहिरातीत "बॅटरी सहा महिन्यांपूर्वी बदलली" असं लिहिलंय आणि वॉरंटी कार्डावर चार वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ ची कपट आणि चुकीच्या कथनाची कलमं (१७ ते १९) लागतात. पण त्यासाठी दिवाणी न्यायालय गाठावं लागतं, आणि पाच हजारांच्या बॅटरीसाठी तिथे कोणी जात नाही. म्हणून इथे हक्क सांगत बसण्यापेक्षा सौदा करतानाच बॅटरीचं वय विचारा आणि तीन-चार वर्षांपुढची असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कापून घ्या.

यार्डवाल्या डीलरकडे कायदा तुमच्या बाजूला बराच झुकतो, पण तो डीलर आहे हे कागदावर दिसायला हवं. खरी मेख इथेच आहे. पैसे यार्डवाल्याला, आरसी जुन्या मालकाच्या नावावर, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर जुन्या मालकाच्या सह्या, बॅटरी गेली की यार्डवाला म्हणतो, "मी नुसती गाठ घालून दिली." १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं (फॉर्म २९बी), आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी वर जाते. ती गेली की गाडीचा मालक म्हणून जबाबदारी डीलरवर येते. टोकन देण्याआधी हे दोन कागद मागा. नसतील तर निदान पैसे यार्डच्या खात्यात ऑनलाइन भरा आणि त्याच्या शिक्क्याची पावती घ्या. रोख दिलेत आणि पावती नाही, तर आयोगासमोर तुम्ही त्याचे ग्राहक होतात हेच आधी शाबीत करावं लागेल.

डीलरचे दोन बचाव ठरलेले. पहिला, "गाडी तुम्ही स्वतः तपासून घेतली." कलम १६ मध्ये हा अपवाद खरंच आहे: तपासणी केली असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर उगाळता येत नाही. टर्मिनलवर पांढरा थर, फुगलेली बॅटरी, ही त्यातली. आतून मरायला आलेला सेल किंवा बंद गाडीतली गळती टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसत नाही, तिथे हा बचाव लंगडा पडतो. दुसरा, पावतीवरचं "जशी आहे तशी". अध्याहृत अटी करारात वगळता येतात (कलम ६२), पण माहीत असलेला दोष लपवण्याचं कपट या तीन शब्दांनी धुतलं जात नाही. करारच अन्याय्य म्हणून रद्द करून हवा असेल तर मात्र जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. बॅटरीपुरतं तरी त्या फंदात पडू नये.

यार्डात दाखवायची गाडी तुम्ही पोचण्याआधीच चालू करून ठेवलेली असते, कधी जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वायर, लावून. बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर "उद्या सकाळी सात वाजता येतो, हात लावू नका" म्हणून सांगा. टोकन देताना बॅटरीच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा आणि डिलिव्हरीला ताडून बघा; मधल्या चार दिवसांत चांगली बॅटरी काढून जुनी बसवली जाते ती अशा वेळी हातोहात सापडते.

सर्टिफाइड दुकानं आणि ऑनलाइन मंच वॉरंटी देतात ती मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्सची. टायर, ब्रेक पॅड, क्लच आणि बॅटरी 'झिजणारे भाग' म्हणून बाहेर असतात. सगळ्यात जास्त पैसे मोजून बॅटरीला सगळ्यात कमी संरक्षण, असंही होतं. त्यांची जमेची बाजू वेगळी आहे. काही ठिकाणी ठरावीक दिवसांत गाडी परत घेण्याची लेखी सोय असते, आणि ऑनलाइन विक्रीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात: तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. फक्त बिल कोणाच्या नावाचं आहे ते बघा. मंचाचं असेल तर तोच विक्रेता. दुसऱ्याचं असेल तर मंच मध्यस्थ म्हणून हात वर करेल.

यूट्यूबवर "डीलरला ३० दिवसांत गाडी परत करा" असा सल्ला दिसतो, तो ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यातला आहे. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने तो जरूर वापरावा. भारतात दिवसांची अशी मुदत कायद्याने ठरवलेली नाही. इथे दोष होता आणि तो विक्रीच्या वेळी होता, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. म्हणूनच पहिल्या आठवड्यातली तक्रार आणि तिसऱ्या महिन्यातली तक्रार यांच्या वजनात फार फरक पडतो.

बॅटरी कंपनीची वॉरंटी की आयोग?

१२ व्होल्टच्या बॅटरीसाठी आधी बॅटरी कंपनी. वॉरंटी "२४+२४" किंवा "३६+३६" अशी लिहिलेली असते. पहिल्या आकड्याइतके महिने फुकट बदलून, पुढच्या महिन्यांत प्रो-राटा, म्हणजे उरलेल्या काळाच्या हिशेबाने नव्या बॅटरीवर सूट. ही सूट छापील किमतीवर धरतात, आणि बाजारात बॅटरी छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळते. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत प्रो-राटापेक्षा सरळ दुकानातून घेणं परवडतं का, ते बघून घ्या. बदलून मिळालेल्या बॅटरीला साधारणपणे जुन्या बॅटरीची उरलेली मुदतच मिळते. कार्डावर गाडीचा नंबर असतो, तेव्हा जुन्या मालकाकडून कार्ड आणि बिल गाडीसोबतच घ्या. मालक बदलल्यावर वॉरंटी चालते का, ही अट कंपनीगणिक वेगळी असते. टॅक्सीत वापरली तर मुदत बरीच कमी असते.

आयोगाचा हिशेब वेगळा. ५० लाखांपर्यंत दिलेल्या किमतीसाठी जिल्हा आयोग, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही, आणि गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ म्हणतो की निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात त्याहून बराच काळ धरून चाला. नुसत्या बॅटरीसाठी हा वेळ परवडत नाही. अल्टरनेटर, वायरिंग, टोइंग मिळून खर्च पंचवीस-तीस हजारांवर गेला आणि डीलर दाद देत नसेल, तर मात्र जा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली टॅक्सी असली तरी तुम्ही ग्राहकच. पुन्हा विकायला घेतली असेल तर नाही.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती आदेश देऊ शकत नाही, पण नाव असलेल्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. यार्डवाल्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही. त्याला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा: खरेदीची तारीख, दोष कळल्याची तारीख, टेस्टची चिठ्ठी, मागितलेली नेमकी रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत. रक्कम मागताना बॅटरी, दुरुस्ती, टोइंग आणि टेस्टचा बिलासकट खर्च लिहा. बॅटरीसाठी अख्ख्या गाडीचे पैसे परत मागितले की तक्रारीचं वजन जातं.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

इथे सगळं उलटं होतं. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीची, म्हणजे हाय व्होल्टेज पॅकची, किंमत लाखांत, म्हणून लढण्यासारखी. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीच्या पॅकला सुरुवातीपासून ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी मिळत आली, आणि घड्याळ पहिल्या मालकाच्या खरेदीपासून चालू होतं. अलीकडे जाहिरातीत येणारी 'आजीवन' वॉरंटी मात्र पहिल्या मालकापुरती असू शकते. दुसऱ्या मालकाला काय उरतं ते सौद्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. त्याच वेळी बॅटरीच्या तब्येतीचा, म्हणजे एसओएचचा रिपोर्ट काढा. वापरानुसार क्षमता हळूहळू घटणं वॉरंटीत येत नाही; ठरवलेल्या टक्क्याच्या खाली गेली तरच दावा बसतो, आणि खरेदीच्या दिवशीचा रिपोर्ट हातात नसेल तर घट कधी झाली हे सांगता येत नाही. या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तरी गाडी सुरू होत नाही आणि माणूस पॅक गेला म्हणून घाबरतो. आधी तीच तपासा.

आणि बॅटरी कुठलीही असो, नवी घेताना दुकानदार जुनी परत घेऊन बिलात पाचशे-हजार कमी करतो, तेव्हा वाद चालू असेल तर ती देऊ नका. आयोगाला दोषी वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आहे, पण वस्तूच भंगारात गेली असेल तर पाठवणार काय? सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढा, टर्मिनलवर टेप लावा आणि बॅटरी उभीच, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. आडवी ठेवलीत तर ॲसिड सांडेल.