हायवेचं कॉम्प्लेक्स की बाजार ओळ? भाडं नंतर, आधी मनाईची कलमं वाचा

माझ्या भाच्याचं मेडिकल आहे, पांढरकवड्याच्या अलीकडे, नागपूर-हैदराबाद हायवेच्या गावात. जागा बदलायची म्हणून मागच्या महिन्यात तो दोन मसुदे घेऊन आला. एक बावीस पानांचा, हायवेवरच्या नव्या कॉम्प्लेक्सचा. दुसरा दीड पानाचा, बाजार ओळीतल्या जुन्या गाळ्याचा. भाडं १४,००० आणि ६,५००. "मामा, तुम्ही फक्त हो की नाही सांगा." मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर टेबल टाकून दस्त लिहितो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की उत्तर माझ्या खिशातच असतं. म्हटलं, भाड्याचं राहू दे बाप्पा, आधी कलमं वाचून दाखव.

कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर मोठा मार्ट येतोय. त्याच्यामुळे गर्दी होईल, पार्किंग आहे, जनरेटर आहे, हे सगळं खरं. पण मार्ट फुकट येत नाही, तो आपल्या अटी बिल्डरकडून लिहून घेतो आणि त्या अटी बाकी गाळ्यांच्या करारात उतरतात. कलम १४ असं होतं: 'गाळाधारक किराणा, सौंदर्यप्रसाधने व तत्सम वस्तू विकणार नाही.' भाचा म्हणाला, आपण कुठं किराणा विकतो? त्याला विचारलं, बेबी फूड? साबण? सॅनिटरी पॅड? ग्लुकोजचे डबे, डायपर, फेसवॉश? तो गप्प झाला. गावातल्या मेडिकलचा चांगला नफा या मालावर सुटतो. आणि 'तत्सम' या शब्दाला काठच नाही, ओढाल तिथवर जातो. दुसऱ्या एका गावच्या कॉम्प्लेक्समधला स्टेशनरीवाला माझ्याकडे नोटीस घेऊन आला होता, सोबत त्याच्याच काउंटरचा मोबाइलवर काढलेला फोटो. कंपासपेट्यांच्या बाजूला चॉकलेटच्या तीन बरण्या. बरण्या उचलाव्या लागल्या.

कलम १५ आपल्या फायद्याचं दिसतं: कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मेडिकलला गाळा देणार नाही. पुढे मात्र तीन शब्द होते, 'मुख्य गाळाधारक वगळून'. म्हणजे उद्या मार्टनंच औषधांचा परवाना काढला तर बोलायची सोय नाही. कलम १९ तर कहरच: गाळा सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत मेडिकल टाकायचं नाही. गाव केवढं, पाच किलोमीटर केवढे!

बाजार ओळीतल्या दीड पानात यातलं काहीच नाही. साबण विका, चप्पल विका, मालक विचारणार नाही. आठवडी बाजार दारातून जातो, ग्रामीण रुग्णालय हाकेच्या अंतरावर. उणीव उलट बाजूची आहे. शेजारचं शटर तो उद्या दुसऱ्या मेडिकलला देऊ शकतो. "नाही देत भाऊ, शब्द आहे माझा," असं तो म्हणतो, आणि माणूस खोटा नाही. पण म्हाताऱ्याच्या मागे तीन मुलं आहेत. पाच वर्षांची बोली अकरा महिन्यांच्या साध्या स्टॅम्पवर आणि तीही न नोंदवता केली, तर एक वर्षापुढच्या भाडेपट्ट्याचा पुरावा म्हणून कोर्टात त्या कागदाला फारसा अर्थ उरत नाही.

आता कायदा. भाच्यानं मोबाइलवर वाचलं होतं की अशा अटी स्पर्धा कायद्यानं चालत नाहीत. अर्धं खरं आहे. स्पर्धा अधिनियम २००२ चा; त्यातली स्पर्धा मारणाऱ्या करारांची आणि बाजारातल्या वरचष्म्याच्या गैरवापराची कलमं, ३ आणि ४, लागू झाली मे २००९ पासून. पण मालक आणि गाळेवाला यांच्यातल्या अशा अटी आपोआप बाद ठरत नाहीत. बाजारातल्या स्पर्धेला खरंच लक्षणीय धक्का बसतो का, नव्याला शिरायची वाट बंद होते का, हे स्पर्धा आयोग तपासतो. गावात दहा गाळे रिकामे असताना एका कॉम्प्लेक्सच्या अटीनं बाजार बंद झाला, हे सिद्ध करणं अवघड. युरोपातही हेच झालं. लॅटव्हियात मॅक्सिमा या सुपरमार्केट साखळीला शॉपिंग सेंटरमध्ये दुसऱ्या गाळेवाल्यांबाबत नकाराधिकार होता; २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की अशी अट नुसती लिहिली म्हणून बेकायदा होत नाही, तिचा बाजारावरचा परिणाम बघा. ब्रिटननं वेगळी वाट धरली. तिथं २०१० च्या आदेशानं मोठ्या किराणा साखळ्यांना अशी मक्तेदारी पाच वर्षांपलीकडे ठेवायला मनाई केली. आपल्याकडे तशी ठरलेली मुदत नाही. शिवाय आयोग दिल्लीत, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारण घडल्यापासून तीन वर्षांत तक्रार गेली पाहिजे. मेडिकल चालवणाऱ्या माणसानं त्या भरवशावर सही करू नये.

त्यापेक्षा जवळचा आहे १८७२ चा करार कायदा. त्याचं कलम २७ धंद्याला मनाई करणारी अट निरर्थक ठरवतं. मुदत चालू असतानाची बंधनं न्यायालयं बहुतेक वेळा चालवून घेतात; करार संपल्यावर मागे लागणारी घेत नाहीत. क्रिकेटपटू झहीर खानच्या मॅनेजमेंट कराराच्या वादात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं. म्हणजे कलम १९ कोर्टात टिकणं कठीण, कलम १४ मात्र टिकेल. भाचा भीत होता १९ ला, आणि खरा घास घेणार होतं १४.

कापड, मोबाइल, चपला, हॉटेल असं एकाच मालाचं दुकान असेल तर मी कॉम्प्लेक्सच सुचवीन. दुसऱ्याला गाळा न देण्याची हमी तिथं लेखी मिळते. कडेचा माल विकून पोट भरणाऱ्यांनी, म्हणजे मेडिकल, स्टेशनरी, डेअरीवाल्यांनी, दहादा विचार करावा. मेडिकलला आणखी एक खोडा: औषधांचा परवाना जागेवर मिळतो, जागा बदलली की नवा काढावा लागतो. चुकलो तर उद्या सोडून देऊ, हे इथं सोपं नाही.

आम्ही बिल्डरला तीन गोष्टी सांगितल्या. 'तत्सम' काढून मनाईच्या वस्तूंची यादी परिशिष्टात जोडा, 'मुख्य गाळाधारक वगळून' खोडा, १९ रद्द करा. १९ त्यानं तिथंच पेनानं कापलं, इतकं पटकन की मला कळलं, त्यालाही ते टिकणार नाही हे ठाऊक होतं. बाकी दोन मार्टला विचारून सांगतो म्हणाला. बाजार ओळीच्या म्हाताऱ्याकडे भाचा मुलांसह गेला. शेजारच्या शटरबद्दल एक ओळ घालून पाच वर्षांचा पट्टा नोंदवायला ते तयार आहेत, नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा. बिल्डरचा फोन पोळ्यापर्यंत आला नाही तर आम्ही तोच दस्त लिहिणार आहोत.