वरून सीरिज थ्री, खालून डिस्कव्हरी: काही महिने चालवल्यावर

गाडी जोडून झाली त्याच आठवड्यात लिहिलेल्या अनुभवांवर माझा फारसा विश्वास नाही. तेव्हा सगळ्यांच्याच गाड्या उत्तम असतात. ही गाडी आता काही महिने रोजच्या कामाला, लांबच्या रस्त्याला आणि अधूनमधून चिखलात घालून झाली आहे. पावसात भिजली, उन्हात तापली, एकदोनदा रुसलीही. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

वरचा भाग लँड रोव्हर सीरिज थ्रीचा, ८८ इंची व्हीलबेसवाल्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) छोट्या गाडीचा. खालचं सगळं पहिल्या पिढीच्या डिस्कव्हरीचं: ३००टीडीआय डिझेल इंजिन, आर३८० गिअरबॉक्स, एलटी२३० ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), दोन्ही एक्सल, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि हे सगळं ज्यावर बसतं तो सांगाडा, म्हणजे चासीसुद्धा. डिस्कव्हरी उलटलेली होती. छप्पर बसलेलं, खांब वाकलेले, दारं उघडायचं नाव नाही. पण तिची चासी आणि बॉडी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे वरचं संपलं तरी खालचं शाबूत राहू शकतं. चासीची कर्णरेषेतली मापं दोन्ही बाजूंनी घेतली, ती जुळली, मगच पुढचा विचार केला. कागदांचा प्रश्नही तेव्हाच मिटवून घ्यावा. चासी बदलली की नोंदणीच्या दृष्टीने ती कुठली गाडी, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उभा राहतोच, आणि बॉडी कापून झाल्यावर त्याचं उत्तर शोधण्यात अर्थ नसतो.

उलटलेल्या गाडीचं डिझेल इंजिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. गाडी उताणी पडली की ऑइल नको तिथे जातं, सिलिंडरमध्येसुद्धा. द्रव दाबला जात नाही. अशा वेळी कुणी हौसेने स्टार्टर मारून पाहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढायचे, क्रँक हाताने पाना लावून पूर्ण फिरवायचा, एअर इनटेक आणि इंटरकूलरच्या पाइपांतलं ऑइल पुसून काढायचं, मग बाकीचं. टर्बोच्या पाइपात साचलेलं ऑइल इंजिन इंधन म्हणून ओढू लागलं, तर चावी बंद करूनही ते थांबत नाही.

आता मुख्य निर्णयाबद्दल. बहुतेक लोक फक्त इंजिन उचलून जुन्या गाडीत टाकतात. तेही चालतं, पण तिथून तडजोडींची साखळी सुरू होते. सीरिजची फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरती लावायची असते. तिच्या पुढच्या एक्सलच्या टोकांना साधे युनिव्हर्सल जॉइंट असतात, आणि चाक वळलेलं असताना ते एकसारख्या गतीने फिरत नाहीत. डिस्कव्हरीची ट्रान्सफर केस मात्र चारही चाकांना कायम ताकद देते, मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जुळणी) ठेवून. ती सीरिजच्या एक्सलला जोडली तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंगमध्ये धडधड येते. पुढच्या चाकांचे हब एक्सलपासून मोकळे सोडावेत म्हटलं, तर मधला डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला देऊन टाकतो आणि गाडी जागची हलत नाही. म्हणजे एक्सलही डिस्कव्हरीचेच हवेत. एक्सल घेतले की कॉइल स्प्रिंग आल्या, त्यांचे आर्म आले, आर्मच्या जागा चासीवर ठरलेल्या. मग चासी तरी मागे का ठेवायची? रेडिएटरपासून हबपर्यंत जे जसं होतं तसंच राहू दिलं आणि बॉडीला सांगितलं, तू जमवून घे.

बॉडीने जमवून घेतलं, पण सहज नाही. डिस्कव्हरीचा व्हीलबेस १०० इंच, म्हणजे २५४० मिलिमीटर. ८८ इंचीपेक्षा बारा इंच जास्त. अनेक जण इथे चासी कापून आखूड करतात. मी बॉडी लांबवली. मागचा हौद सरकवला आणि दाराच्या मागे ३०५ मिलिमीटरचं भरणीचं पॅनेल बसवलं. त्यामुळे सीटमागे चांगली जागा झाली, जी मूळ ८८ इंचीत कधीच नव्हती. मागच्या एक्सलपलीकडे उरलेल्या चासीवर डिझेलची टाकी होती तिथेच ठेवली आणि वर पत्र्याचा कट्टा केला. बाजूने पाहिलं की गाडीचं शेपूट जरा जास्तच वाटतं. जुन्या गाड्यांचे शौकीन नाक मुरडतात. मुरडू देत.

रुंदीचा प्रश्नही आहेच. सीरिजच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे १३०८ मिलिमीटर, डिस्कव्हरीचं १४८६. प्रत्येक बाजूला चाक साधारण ८९ मिलिमीटर बाहेर येतं. १९८३ मध्ये लँड रोव्हरची वन टेन आली तेव्हा कंपनीलाही याच कारणाने मडगार्डवर भुवया, म्हणजे बाहेर आलेल्या कडा, लावाव्या लागल्या होत्या. त्याच धर्तीच्या भुवया इथे बसवल्या. त्या नसत्या तर पहिल्याच ओल्या रस्त्यावर दारांच्या काचा चिखलाने भरल्या असत्या. एक सोय मात्र आयती मिळते. दोन्ही गाड्यांच्या चाकांना पाचच बोल्ट, आणि त्यांचं वर्तुळही एकच, १६५.१ मिलिमीटरचं.

आता चालवण्याबद्दल. ३००टीडीआय म्हणजे २४९५ सीसी, १११ अश्वशक्ती आणि १८०० आरपीएमला २६५ न्यूटन मीटर टॉर्क. कागदावर हे आकडे आज कुणाला प्रभावित करणार नाहीत. पण डिस्कव्हरीपेक्षा काहीशे किलो हलक्या गाडीत हेच इंजिन अगदी निवांत होतं. चढावर गिअर खाली घ्यावा लागण्याचं प्रमाण खूप कमी झालं. खरा फरक हायवेवर कळतो. मूळ सीरिजमध्ये ट्रान्सफर केसचं हाय गुणोत्तर १.१४८ आणि एक्सलचं ४.७, म्हणजे चौथ्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे जवळपास ५.४ फेरे. इथे १.२२ गुणिले ३.५४, म्हणजे ४.३ च्या आसपास. माझ्या टायरच्या मापावर ताशी ८० किलोमीटरला चौथ्या गिअरात इंजिन २५०० आरपीएमजवळ असतं. सीरिजचे दात असते तर ३१०० च्या पुढे गेलं असतं. वर पाचवा गिअर आहेच. लांबच्या प्रवासानंतर कानात होणारी घणघण कमी झाली, ती मुख्यतः यामुळे.

कमी झाली, गेली नाही. हे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल आहे आणि वर सपाट ॲल्युमिनियमचे पत्रे. डिस्कव्हरीत जाड गालिचे, छताचं अस्तर, दारांचे पॅड मिळून आवाज गिळायचे. इथे गिळायला कुणी नाही. बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि सीटबॉक्सखाली जड रबरी शीट लावल्यावर बोलणं शक्य झालं. गाणी ऐकायची असतील तर दुसरी गाडी घ्या.

सगळ्यात जास्त वेळ सस्पेन्शनने घेतला. स्प्रिंग डिस्कव्हरीच्या वजनासाठी बनवलेल्या. बॉडी हलकी झाल्यावर गाडी वर उठली, पुढे थोडी, कारण इंजिन तिथेच आहे, मागे मात्र भरपूर. ऑफ-रोडवाले उंच गाडी पाहून खूश होतात, पण उंची वाढली की इतर कोनही बदलतात. पुढच्या रेडियस आर्मचा (एक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्याचा) कल बदलतो, त्यामुळे कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला कंटाळतं आणि सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे हुंगत चालते. मागच्या एक्सलला ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो आणि मधल्या वेगांना सीटखालून थरथर येते. मागे मऊ आणि जराशा आखूड स्प्रिंग टाकल्यावर, पुढेही थोडं खाली आणल्यावर दोन्ही तक्रारी जवळपास संपल्या. उरलेली किंचित थरथर शाफ्टच्या क्रॉसची, म्हणजे सांध्यांची होती. ते बदलले. हलक्या बॉडीखाली हे सगळं घालणाऱ्याने स्प्रिंगचं काम पहिल्याच दिवशी हिशेबात धरावं, नाहीतर तो गिअरबॉक्सचे माउंटिंग बदलत बसेल आणि दोष तिथे नसेल.

ब्रेकचंही तसंच. चार डिस्क आणि पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो, सर्व्होला इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाची साथ. सीरिजच्या चार ड्रमनंतर हे स्वर्गसुख आहे. पण मागे वजन नसल्याने ओल्या रस्त्यावर जोरात पाय दिला की मागची चाकं लवकर जाम होतात. मागे थोडं सामान असलं की गाडी बरीच शहाण्यासारखी वागते.

तापमानाची मला सर्वाधिक धास्ती होती. ३००टीडीआयचा ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनियम मिश्रधातूचं. एकदा नीट तापलं की हेड वाकतं आणि मग खर्चाला अंत नसतो. सीरिजचं तोंड अरुंद आणि आत सरकलेलं. रेडिएटर, इंटरकूलर आणि ऑइल कूलर शेजारीशेजारी बसवायचे म्हणजे पुढचं पॅनेल पुढे आणावंच लागतं. ते आणलं, आणि आजूबाजूच्या फटी रबराने बंद केल्या, म्हणजे येणारी हवा रेडिएटरला वळसा घालून पळत नाही. भर उन्हात, लो गिअरात, चढावर काटा जागचा हलला नाही. तरीही पाण्याची पातळी खाली गेली की वाजणारा अलार्म बसवला आहे. पाणी निघून गेलं तर सेन्सर कोरडा राहतो आणि काटा तुम्हाला सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो. या इंजिनाचं वॉटर पंपामागचं गॅस्केट गळण्यासाठी प्रसिद्ध आहे, हेही लक्षात असू द्या. इंजिन बाहेर असतानाच ते आणि टायमिंग बेल्ट बदलून टाकावा. सुरुवातीच्या ३००टीडीआयमध्ये बेल्ट रेषेतून सरकून कडेने झिजायचा. त्यासाठी सुधारित भागांचा संच निघाला. आपल्या इंजिनात तो आहे का, हे कव्हर उघडूनच कळतं.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधले स्प्लाइन (एकमेकांत अडकणारे खाचांचे दात) तेव्हाच पाहा. तिथे ऑइल पोचत नसल्याने ते कोरडे झिजतात. नंतरच्या गिअरला आडवं छिद्र पाडून ऑइलची वाट केलेली असते. ट्रान्सफर केसच्या मागचं झाकण काढलं की बॉक्स न उतरवताही हे तपासता येतं. माझ्या गाडीत झीज होती, नवा गिअर टाकला. तरी ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना एक ‘ठक्’ ऐकू येतो. हा सगळ्या यंत्रणेतला थोडाथोडा ढिलेपणा आहे. पूर्ण घालवायचा तर निम्मी गाडी पुन्हा उघडावी लागेल, म्हणून सोडून दिला आहे. ऑइलचे दोन ठिपकेही रोज सकाळी गाडीखाली असतात.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. हाताच्या गिअरच्या ३००टीडीआयला बहुधा यांत्रिक पंप असतो. इंजिन चालू राहायला पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला बारा व्होल्टची एक तार पुरते, सुरू व्हायला ग्लो प्लग आणि स्टार्टर. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिला इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) असेल तर तेवढा आधी शोधावा लागतो. त्रास दिला तो अर्थिंगने. ॲल्युमिनियमचे रंगवलेले, रिव्हेट मारलेले पत्रे भरवशाची अर्थ देत नाहीत. दिवे मंद, इंडिकेटर चक्रावलेले, काटे नाचरे. इंजिन, चासी आणि बल्कहेड यांच्यात जाड पट्टे टाकल्यावर सगळं शांत झालं. ॲल्युमिनियम जिथे जिथे पोलादाला टेकतं तिथे मध्ये काहीतरी घालाच. पाणी शिरलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, आणि भरणीच्या पॅनेलच्या कडेला त्याची सुरुवात मला दिसली आहे.

चिखलात आणि पाण्यात गाडी जशी हवी तशीच आहे. कायम फोर व्हील असल्यामुळे ओल्या रस्त्यावर विश्वास वाटतो, आणि डिफ लॉक (मधला डिफरन्शियल जखडणारं कुलूप) लावला की बाकीचं ती बघते. लॉकचा लिव्हर मात्र वापरात ठेवावा लागतो, नाहीतर सांधे गंजून तो नेमका गरजेच्या वेळी हलत नाही. खोल पाण्यात शिरण्याआधी फ्लायव्हील हाउसिंग आणि टायमिंग कव्हरच्या तळाच्या भोकांना बूच लावायचं, बाहेर आल्यावर काढायचं. काढायचं लक्षात राहावं म्हणून मी त्याचा पाना स्टिअरिंगला अडकवतो.

आता ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: लँड रोव्हर डिफेंडरची १.४१ गुणोत्तराची ट्रान्सफर केस टाकायची का? तिने ताशी ८० ला चौथ्या गिअरात इंजिन २९०० जवळ जाईल, पिकअप थोडा चटपटीत होईल. लो गुणोत्तर दोन्हींत ३.३२ च, त्यामुळे खडकाळ उतारावर काही मिळत नाही. जड गाडीला किंवा मोठ्या टायरना ते बरोबर आहे. या वजनाला, या टायरवर, नको. फार मोठे टायर घातले तर पुन्हा विचार करेन, पण त्याआधी भुवया रुंद कराव्या लागतील.