अठरा अ‍ॅपचा एकत्र पॅक: ठाण्यातील एका घरातला वर्षभराचा अनुभव

घोडबंदर रस्त्यावर वाघबीळच्या पुढे आमचे गृहसंकुल आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही केबलची जोडणी बंद करून ब्रॉडबँड कंपनीचा एकत्र पॅक घेतला. त्यात २०० एमबीपीएसचे इंटरनेट, टीव्हीला जोडायचा एक छोटा बॉक्स आणि अठरा ओटीटी अ‍ॅप होती. दर महिना ९९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १,१७९ रुपयांचे. बॉक्सची हजार रुपये अनामत वेगळी. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या संकुलात तीन कंपन्यांच्या वायरी आल्या आहेत, तिघींची माहितीपत्रके मी शेजाऱ्यांकडून मागून आणून वाचली, आणि तिन्ही पॅकची घडण इतकी सारखी निघाली की एकीलाच दोष दिला तर दुसऱ्या दोघींची फुकट जाहिरात होईल.

इंटरनेटबद्दल तक्रार नाही. वर्षात ते दोनदाच बंद पडले, एकदा जुलैच्या पावसात आणि एकदा रस्ता खणताना केबल तुटली तेव्हा. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुरू झाले. ज्यांना फक्त इंटरनेट हवे आहे त्यांनी येथेच वाचन थांबवले तरी चालेल.

अडचण अठरा या आकड्यात आहे. पहिल्या रविवारी मी वही घेऊन एकेक अ‍ॅप उघडून पाहिले. काहींतल्या भाषा आमच्या घरात कोणालाच येत नाहीत, दोन भजन-प्रवचनांची होती, एक लहान मुलांचे होते, आणि एका अ‍ॅपवर नेमके काय आहे हे मला आजतागायत कळलेले नाही. आमच्या उपयोगाची चारच उरली. त्या चारांपैकी दोन टीव्हीवर उघडताच सूचना आली की तुमचे सदस्यत्व फक्त मोबाइलसाठी आहे. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘निवडक योजनांनुसार’ असे दोन शब्द होते, त्यांचा अर्थ त्या दिवशी उलगडला. फक्त मोबाइलवर चालणारी योजना ही मुळात वाईट गोष्ट नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये १९९ रुपयांची अशी योजना भारतात आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची किंमत १४९ रुपयांवर उतरवली. ती काय आहे हे तिच्या नावातच सांगितलेले होते, आणि लोकलमध्ये उभ्याने मालिका पाहणाऱ्यांची त्यात सोय होती. परंतु टीव्हीला जोडायच्या बॉक्सबरोबर मोबाइलपुरते सदस्यत्व विकायचे आणि ते अठरांत मोजायचे, हा हिशेब मला कोणत्याही बाजूने पटत नाही.

घरात टीव्हीचा खरा प्रेक्षक म्हणजे माझे सासरे, नाना. वय ७८, डोळे चांगले, गुडघे वाईट. पूर्वी गडकरी रंगायतनच्या खिडकीवर स्वतः रांग लावून नाटकाची तिकिटे आणणारा हा माणूस आता घरात बसून जुने मराठी चित्रपट पाहतो, आणि हा पॅक मुख्यतः त्यांच्यासाठीच घेतला होता. बॉक्समध्ये देवनागरी कळफलक नाही. त्यामुळे मराठी चित्रपटाचे नाव रोमन अक्षरांत लिहायचे, आणि ‘ळ’साठी कोणते अक्षर, ‘व्ह’साठी कोणती दोन, हे ज्याने ती यादी भरली त्याच्या मर्जीवर सोडायचे. रिमोटमध्ये बोलून शोधण्याची सोय आहे. नाना स्वच्छ मराठीत नाव सांगत आणि बॉक्स त्यांच्यापुढे हिंदी गाण्यांची रांग मांडत असे. मराठी चित्रपट पहिल्या पडद्यावर नाहीतच. सात-आठ ओळी खाली गेल्यावर ‘प्रादेशिक’ नावाच्या एका ओळीत ते इतर चार भाषांबरोबर बसवलेले आहेत. महाराष्ट्राच्या राजधानीला लागून असलेल्या शहरात मराठी कोणत्या प्रदेशाची भाषा ठरते, हे कंपनीला विचारावेसे वाटले होते; पण ग्राहक सेवेच्या यादीत अशा प्रश्नासाठी क्रमांक नाही.

नाव सापडले तरी काम झाले असे नाही. बॉक्सचा शोध सर्व अ‍ॅपांत एकदम चालतो, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगतात; परंतु चित्र समोर आल्यावर बटण दाबले की कधी वेगळे भाडे मागितले जाई, कधी वरच्या योजनेत जाण्याचा सल्ला मिळे, तर कधी भलत्याच भाषेतले ध्वनिमुद्रण सुरू होई. पैसे भरलेले काय आणि न भरलेले काय, यात पडद्यावर कसलाही भेद दाखवलेला नाही. त्यात लॉगिन दर महिन्याला आपोआप निघून जात असे आणि नवा ओटीपी माझ्या यजमानांच्या क्रमांकावर येत असे. ते महापे येथे नोकरीला आहेत. भर बैठकीत वडिलांचा फोन येऊन सहा आकडे सांगावे लागणे त्यांना वर्षभर सहन करावे लागले.

ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले तो ऑक्टोबरच्या अखेरीचा आहे. नानांनी शनिवारी रात्री एक कृष्णधवल चित्रपट निम्मा पाहिला आणि झोप आली म्हणून बंद केला. सोमवारी, म्हणजे नव्या महिन्यात, उरलेला पाहायला बसले तर तो नव्हता. ‘पाहणे सुरू ठेवा’ या ओळीतूनही तो गेला होता. नाना मला म्हणाले, “अगं, माझ्या हातून काही चुकीचं बटण दाबलं गेलं का?” दोन दिवस त्यांनी रिमोटला हात लावला नाही. ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा वीस मिनिटांनी उत्तर मिळाले की संबंधित अ‍ॅपने तो चित्रपट काढला आहे, आणि त्यात आमची कंपनी काही करू शकत नाही.

उत्तर खरे होते, हे मान्य केले पाहिजे. ही अ‍ॅप बरेचसे चित्रपट ठरावीक मुदतीच्या करारावर घेतात, आणि मुदत संपली व नवा करार झाला नाही की चित्रपट उतरतो. मोठ्या नावांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेतल्या एचबीओ वाहिनीच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेल्या, पुढे त्या जिओसिनेमावर आल्या, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ही दोन्ही अ‍ॅप जिओहॉटस्टार या एका नावाखाली एकत्र झाली. म्हणजे एकाच मालिकेच्या मागे चालत राहणाऱ्या प्रेक्षकाला दोन वर्षांत तीन दारे दिसली. करार संपणे समजू शकते. परंतु कराराची तारीख अ‍ॅपला आधीपासून ठाऊक असते, आणि ‘हा चित्रपट ३१ तारखेपर्यंतच आहे’ एवढी एक ओळ चित्राखाली लिहिली असती तर नानांनी तो त्याच रात्री जागून संपवला असता.

लग्नापूर्वी आम्ही नौपाड्यात राहत होतो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक व्हिडिओ लायब्ररी होती. मालकांकडे लांब पानांची नोंदवही असे. कॅसेट बाहेर गेलेली असली तर ते वहीत पाहून “परवा संध्याकाळी या” असे सांगत, आणि त्यांच्याकडे नसलेल्या चित्रपटाला “नाही” म्हणत. अनामत, दिवसाचे भाडे आणि कॅसेट मागे गुंडाळून न आणल्यास होणारा दंड हे तिन्ही भिंतीवर लिहिलेले होते. मला त्या काळाचे फारसे प्रेम नाही. कॅसेटवर बुरशी येई आणि चित्र मध्येच लोळत असे. तरीही आपण कशाचे पैसे देत आहोत हे दारातच कळत असे. इतकेच कशाला, ज्या केबलला आम्ही शिव्या घालून निरोप दिला, तिच्यातही फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर असते व हवी ती वाहिनी सुटी घेता येते. ओटीटीला ट्रायचे ते दरनियम लागू नाहीत.

जाहिरातींबद्दल मात्र मी बरीच सहनशील आहे, टीव्ही पाहत वाढलेल्या पिढीला त्यांचे काय वाटणार? खटकते ती वर्गणी भरून झाल्यावर बदलणारी अट. अ‍ॅमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी डिसेंबर २०२१ मध्ये ९९९ रुपयांवरून १,४९९ रुपये झाली. नंतर १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये किंवा महिन्याला १२९ रुपये असा दर ठेवला गेला. कंपनीने हे महिनाभर आधी जाहीर केले होते, एवढे तिच्या बाजूने नोंदवते.

आमचा मुलगा नेरुळला वसतिगृहात राहून शिकतो. दिवाळीला घरी आला तेव्हा नानांनी त्याला अर्धवट राहिलेल्या चित्रपटाची हकीकत सांगितली, आणि भाऊबीजेच्या दुपारी त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून टीव्हीच्या मागे लावला. चित्रपट सुरू झाला; लॉगिन नाही, ओटीपी नाही, सात ओळी खाली जाणे नाही. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तोवर नाना थेट मध्यंतरापर्यंत पोहोचले होते. कुठून आणला हे विचारण्याची गरज नव्हती, कारण चित्राच्या कोपऱ्यात सट्टेबाजीच्या एका अ‍ॅपची जाहिरात सारखी तरळत होती. मी रागावले तेव्हा मुलगा शांतपणे म्हणाला, “आई, पैसे तर आपण भरलेत ना?”

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. पैसे आपण भरले होते हे खरे. परंतु जो चित्रपट त्या अ‍ॅपवरून उतरला होता, त्याच्या मालकाला आपल्या नोव्हेंबरच्या बिलातून काही मिळण्याचा मार्गच उरला नव्हता. मुलाने चोरीचा चित्रपट आणला तो फुकट हवा म्हणून नव्हे, हे मी मान्य करते. आमच्या संकुलातही हेच चालले आहे. जी घरे चार-पाच वर्षांपूर्वी अभिमानाने सांगत की आम्ही आता सगळे रीतसर पाहतो, त्यांच्याच बैठकीत आज पेनड्राइव्ह फिरतात, आणि त्यांपैकी कोणीही महिना हजार रुपयांना महाग नाही.

ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील पायरसीचा व्यवहार २०२३ साली २२,४०० कोटी रुपयांचा असल्याचे म्हटले आहे. त्यातील १३,७०० कोटी चित्रपटगृहांतून चोरलेल्या आणि ८,७०० कोटी ओटीटीवरून चोरलेल्या मालाचे. चोरून पाहणारा प्रत्येक जण एरवी तिकीट काढणारच होता, असे गृहीत धरणाऱ्या हिशेबांवर माझा पूर्ण विश्वास नाही. मात्र लोकांनी सांगितलेली कारणे त्याच अहवालात आहेत आणि ती ओळखीची वाटतात: वर्गणी जास्त, हवे ते न मिळणे, आणि अनेक सदस्यत्वे सांभाळण्याचा व्याप. उद्योगाला स्वतःच्याच अहवालात हे वाचायला मिळाले आहे.

तरीही पेनड्राइव्हला मी या समीक्षणात गुण देणार नाही, आणि केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे. कायदा कडक आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील, अशा चोरीला शिक्षा ठेवणारे कलम ६३ पूर्वीपासून आहे, आणि २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला आहे. माझे कारण साधे आहे. नाना चित्रपटाची श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचतात. कॅमेरामन कोण, गीतकार कोण, हे त्यांना पाहावे लागते. त्या प्रतीत नावांच्या पट्टीवर चोरट्यांनी आपल्या संकेतस्थळाचे नाव ठळक अक्षरांत छापले होते आणि संगीतकाराचे नाव त्याखाली गाडले गेले होते. नाना म्हणाले, “ज्यानं केलं त्याचं नाव पुसलं, चोरलं त्याचं वर लिहिलं.” मोजक्या खेळांवर आणि मोजक्या पैशांवर उभ्या असलेल्या मराठी चित्रपटाच्या बाबतीत हे अधिकच लागते.

वर्ष संपल्यावर आम्ही पॅक बंद करायचे ठरवले. घेताना चार मिनिटे लागली होती. सोडायला अकरा दिवस आणि तीन फोन लागले. अ‍ॅपवर ‘नूतनीकरण’ मोठ्या बटणावर आहे, ‘बंद करा’ कुठेच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अ‍ॅप व संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांचे (डार्क पॅटर्न) तेरा प्रकार दिले आहेत, आणि सदस्यत्व सोडणे मुद्दाम अवघड करणे हा त्यांपैकी एक आहे. तिसऱ्या फोनवर मी याचा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उल्लेख केला, तेव्हा फोन वरिष्ठांकडे गेला आणि काम झाले. कार्डातून आपोआप रक्कम जाणार असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार निदान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो एसएमएस मी पुसला नव्हता, म्हणून पुढच्या महिन्याचे पैसे वाचले.

आता त्याच कंपनीचे नुसते इंटरनेट ६९९ रुपये अधिक जीएसटी या दराने चालू ठेवले आहे आणि अ‍ॅप एका वेळी एकच, थेट त्याच्याकडून, महिन्यापुरते घेतो. महिना सुरू झाला की नाना पाहायच्या चित्रपटांची यादी वहीत लिहितात आणि सापडले नाहीत त्यांच्यापुढे फुली मारतात. या महिन्यात फुल्या चार आहेत. इंटरनेटला पाचपैकी साडेचार, पॅकला दीड. त्यातला अर्धा गुण बॉक्स बसवायला आलेल्या तंत्रज्ञाचा, ज्याने नानांसाठी रिमोटवरच्या तीन बटणांना रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्या.

जाता जाता अनामतीविषयी: बॉक्स परत नेताना ते रिमोट, एचडीएमआय केबल आणि अ‍ॅडॉप्टर हे तिन्ही मागतात. आमचा अ‍ॅडॉप्टर कंपनीच्या खोक्यात नव्हता, तो शोधण्यात एक फेरी वाया गेली. बॉक्स दिल्याची पावती हातात देत नाहीत, अ‍ॅपवर नऊ दिवसांनी आली. हजार रुपये अद्याप आलेले नाहीत.